भाऊबंदकी आणि बंधुता

दोस्तांनो, आपल्या बैठकीत जात निघते, धर्म निघतो, राखीव जागा निघतात, पुतळा आणि मिरवणूक तर निघतेच. पण सामाईक जमिनीत कुणाचं किती आणि त्यावरचं सरकारी कुलूप कुणासाठी, हा विषय काढला की पोरं उठून चहाला जातात. म्हणतात, हे वकिलाचं काम. मी म्हणतो, वकिलाकडे जायच्या आधी हे आपलं काम आहे. हा नीतीचा सवाल आहे. चार माणसांच्या मालकीच्या वस्तूत माझा हिस्सा किती माझा? मी तो विकू शकतो का? आणि विकू शकत असलो तरी विकावा का?

मी वकील नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात उभा राहतो. कायद्याचं जे थोडंफार कळतं ते पाळी सुटल्यावर वाचून, विचारून आणि तहसीलच्या पायऱ्या झिजवून कळलेलं आहे. जेवढी खात्री आहे तेवढंच लिहितो.

आधी सामाईक म्हणजे काय ते बघू. सामाईक जमिनीत प्रत्येक हिस्सेदार प्रत्येक ढेकळाचा मालक असतो. वाटप होत नाही तोवर कुणालाही बोट दाखवून सांगता येत नाही की हा तुकडा माझा. एकाने वीस वर्षं जमीन कसली म्हणून ती त्याची एकट्याची होत नाही. बाकीच्यांचा हक्क त्यांना कळेल अशा रीतीने उघड नाकारला नसेल, तर त्याचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. एकाने सगळी जमीन विकली तरी विकला जातो फक्त त्याचा हिस्सा. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी मिळत नाही आणि नाव गाळलं म्हणून मालकी जात नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. तरीही आपल्या वस्तीतली निम्मी भांडणं सातबाऱ्यावरच्या एका ओळीवरून होतात.

हिस्सा विकता येतो, पण त्याला कुंपण आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ म्हणतं, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तर त्याला त्या घरात येऊन बिऱ्हाड थाटता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा. आणि दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरातले हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर ठेवू शकतात. म्हणजे इंग्रजाच्या कायद्यालाही एवढं कळत होतं की घर म्हणजे नुसत्या विटा नव्हेत, तिथे माणसं एका चुलीभोवती राहतात.

पण त्याच कायद्याच्या जगात एक विचित्र गोष्ट आहे. जुन्या मुंबई इलाख्यात चालत आलेल्या मिताक्षरा नियमाप्रमाणे एकत्र कुटुंबातला हिस्सेदार आपला न वाटलेला हिस्सा पैसे घेऊन विकू शकतो, पण बाकीच्यांच्या संमतीशिवाय दान करू शकत नाही. विकायला मुभा, द्यायला मनाई. मृत्युपत्राने देण्याची मोकळीक आली ती १९५६ च्या वारसा कायद्याने. सावकाराचे पैसे बुडू नयेत म्हणून कोर्टांनी विक्रीची वाट उघडली. बहिणीच्या मायेसाठी तशी वाट कुणी उघडली नाही.

आता आपल्या खास मालमत्तेकडे येऊ. महार वतन.

वतनाला लोक इनाम म्हणायचे. पण गावाचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी अंमलदाराचं ओझं वाहायचं, वसुलाबरोबर तालुक्याला जायचं, मर्तिकाची खबर मैलोन् मैल पायी पोचवायची, रात्र असो की पाऊस असो, आणि या सगळ्याच्या बदल्यात एक तुकडा जमीन आणि दारोदारचं बलुतं. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही गाठ पक्की केली. वतनदाराला वतन सरकारच्या मंजुरीशिवाय आपल्या हयातीपलीकडे बाहेरच्याकडे गहाण टाकता येईना, देता येईना. कागदावर हे रक्षण होतं. पण रक्षण कुणाचं? आमचं नव्हे, चाकरीचं. जमीन निसटली तर चाकर निसटेल, ही भीती होती. जनावर दावणीला बांधतात त्याला कुणी जनावराचं रक्षण म्हणत नाही.

आणि इथेच मालकी आणि लाभ यांची फारकत दिसते. कायद्यात हा भेद जुना आहे. विश्वस्ताच्या नावावर मालमत्ता असते, लाभ दुसऱ्याचा असतो. तिथे ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही, असं नीतीही सांगते आणि १८८२ चा न्यास कायदाही सांगतो. वतनात ते उलटं झालं. नाव आमचं, लाभ गावाचा आणि सरकारचा. जमीन काही घरांना, राबणूक सगळ्या वाड्याला. पिढी वाढत गेली, जमिनीचे तुकडे होत गेले, काम मात्र तेवढंच राहिलं.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. मागणी अशी, की वतनदाराला चाकरीतून सुटायचं असेल तर पूर्ण आकार भरून जमीन त्याच्याकडे राहावी आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा. म्हणजे जमीन सोडू नका, चाकरी सोडा. बिल पास झालं नाही. १९३९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची परिषद भरली, ती वतन जमिनीवरच्या वाढीव जुडीविरुद्ध. लक्षात घ्या, ही माणसं दान मागत नव्हती. ती म्हणत होती, आमचं जे आहे त्याची अट बदला.

अट बदलायला १९५८ साल उजाडलं. मुंबईच्या कनिष्ठ गाव वतनं रद्द करण्याच्या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून वतन गेलं, चाकरी गेली. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन वतनदाराला फेरबहाल करायची असं ठरलं. पण कलम ५ मध्ये एक शेपूट राहिलं. अशी जमीन कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकार ठरवील तो नजराणा भरल्याशिवाय विकता येणार नाही आणि सरस-निरस मोजून वाटताही येणार नाही. यालाच चावडीत नवीन अविभाज्य शर्त म्हणतात. सातबाऱ्यावर लिहिलं जातं, भोगवटादार वर्ग २.

नाव एकाचं लागलं, मग लाभ कुणाचा? १९८२ साली सुप्रीम कोर्टात एका देसाई वतनाचा खटला होता. कोर्टाने सांगितलं, वतन एकाच्या नावाने चालत असलं तरी ती मालमत्ता एकत्र कुटुंबाची, आणि फेरबहाली एकाच्या नावाने झाली तरी तिचा लाभ कुटुंबाला. तो खटला देसायांचा, कायदाही वेगळा. पण नीती म्हणून हे वाक्य आपल्या वाड्यातल्या प्रत्येक थोरल्या भावाच्या उशाला ठेवायला पाहिजे. नाव लागणं ही राखणदारी आहे, मालकी नव्हे.

आता एक हिशेब करा. आजाच्या नावावर ३ एकर, म्हणजे १२० गुंठे. त्याला ४ मुलं, प्रत्येकी ३० गुंठे. त्या प्रत्येकाला ४, प्रत्येकी साडेसात गुंठे. त्यांना प्रत्येकी ३, प्रत्येकी अडीच गुंठे. तिसऱ्या पिढीला सातबाऱ्यावर ४८ नावं. जमीन मोजून वाटायची म्हटलं तर नवीन शर्त आडवी. शर्तीतून सुटलं तरी १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणक्षेत्राखालचे तुकडे पाडू नका म्हणतो. पुढे त्यात ढिलाई आली, पण मूळ भूमिका तीच. कर्ज मागावं तर बँक शर्त बघून आणि ४८ सह्या बघून हात आखडते. मग पोरगा शहरात जातो, गिरणीत नाहीतर बांधकामावर लागतो, आणि गावची जमीन एकटा चुलता कसतो, नाहीतर बांधावरचा बागायतदार गिळतो.

यावर आपल्यातच दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, ही शर्त गुलामीची खूण आहे. पाटलाच्या पोराला जमीन विकायला कलेक्टर लागत नाही, आम्हालाच का? आम्ही काय अज्ञान बालक? आजारी बापाच्या ऑपरेशनला पैसा लागला तर फाईल महिनोन् महिने पडून राहते आणि माणूस फाईलच्या आधी संपतो. या बोलण्यात खोट नाही.

दुसरा तट म्हणतो, शर्त होती म्हणून अजून नाव तरी आहे. शर्त नसती तर पहिल्या दुष्काळातच सगळं सावकाराच्या घशात गेलं असतं. रस्ता आला, कारखाना आला, शहर वाढलं की दलालाची पहिली गाडी आपल्याच वाड्यात येते, कारण गरज आपल्याला जास्त. यातही खोट नाही.

मग खरं काय? मी गिरणीतलं उदाहरण देतो. कापसाचे तंतू सुटे असले की त्यांना जोर नसतो. पीळ दिला की सूत होतं. पीळ कमी पडला तर सूत ओढताच सुटतं. पीळ जास्त झाला तर सूत आखडतं, वेटोळी घालतं आणि तडकून तुटतं. म्हणून पीळ असावा की नसावा असं आम्ही विचारत नाही. पीळ किती, आणि हे सूत कशाला वापरायचंय, हे विचारतो. बंधनाचंही तेच आहे. नुसतं बंधन म्हणून ते वाईट नाही, नुसतं रक्षण म्हणून चांगलं नाही.

बंधन तपासायला मी तीन सवाल धरतो. एक, ते कुणाच्या भल्यासाठी घातलंय? दोन, त्याची चावी कुणाकडे आहे? तीन, ज्याच्यासाठी घातलं त्या सगळ्यांना ते सारखं लागू आहे का?

नवीन शर्त पहिल्या सवालावर अर्धी पास होते. जमीन राखणं हे आपल्या भल्याचंच आहे. दुसऱ्या सवालावर ती नापास होते. चावी कलेक्टरकडे. आणि चावी ज्याच्याकडे असते त्याच्याकडे पैसेवाल्याची पायवाट लवकर पडते. गावोगाव काय चालतं ते तुम्ही बघता. गरजू माणूस परवानगीशिवाय साठेखत करतो, कुळमुखत्यारपत्र देतो, स्टँपवर अंगठा उठवतो. किंमत पडेल ती घेतो, कारण व्यवहार चोरीचा. पुढे शर्तभंगाची नोटीस येते, ती सातबाऱ्यावरच्या नावाला, म्हणजे आपल्याला. जमीन सरकारजमा व्हायची टांगती तलवार आपल्यावर. आणि घेणाऱ्याजवळ नजराणा भरायची ऐपत असली की तोच दंड भरून नियमित होतो. बंधन दुबळ्यासाठी होतं म्हणतात, पण सुटका मात्र पैसेवाल्याची होते. म्हणून मागणी पाहिजे ती अशी, की कुलूप काढून फेकू नका, चावी हिस्सेदारांच्या हाती द्या. सगळे हिस्सेदार, बायांसकट, एकत्र बसून हो म्हणत नाहीत तोवर विक्री नाही. आणि वाटप, कर्ज, घर, औषधपाणी यासाठी नजराणा नाही.

‘बायांसकट’ म्हणालो. आता तिसरा सवाल, आणि हा आपल्यालाच बोचणारा आहे.

१८८६ साली मुंबई सरकारने वतनाच्या कायद्यात एक दुरुस्ती केली. शेवटच्या पुरुषाची विधवा सोडली तर वतन कुटुंबातल्या प्रत्येक बाईचा नंबर वारसाहक्कात प्रत्येक पुरुषाच्या मागे टाकला. चाकरी पुरुषाची म्हणून जमीन पुरुषाची. आमच्या आज्या-पणज्यांनी पाटलाच्या अंगणात शेण काढलं, सरपण फोडलं, ती चाकरी कुठल्या रजिस्टरात लिहिली नाही.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वाटा ठेवला आणि जो जगला-वाचला त्याचं सगळं हा एकत्र कुटुंबाचा नियम मोडून प्रत्येकाला आपला वेगळा हिस्सा द्यायला काढला. ते बिल रखडवलं गेलं आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागच्या कारणांत हे मोठं कारण होतं. पुढे तुकड्यातुकड्याने कायदे आले. वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आपण दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. धर्म बदलला, पण वारसाहक्क त्याच कायद्याने चालतो, कारण नाव हिंदू असलं तरी तो बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्यात राहत्या घरासाठी कलम २३ होतं. पुरुष वारस आपापले हिस्से वाटून घ्यायला तयार होईपर्यंत बाईने वाटप मागायचं नाही. कलम ४४ परक्याला घराबाहेर ठेवत होतं, कलम २३ बहिणीला थांबवून ठेवत होतं. म्हणजे बहीण अर्धी परकीच.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली आणि कलम २३ गेलं. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने शंका मिटवली. मुलीचा हक्क जन्माचा आहे, २००५ साली बाप जिवंत होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने खरोखर झालेली वाटणी तेवढी मोडत नाही.

कायदा इथवर आला. आपण कुठवर आलो?

वारसनोंदीच्या वेळी काय होतं ते सांगायला नको. बहिणीला बोलावतात, साडी-चोळी करतात, दोन दिवस माहेरपण करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. कित्येक ठिकाणी तर कागदही नाही. “ती नको म्हणाली” एवढ्यावर नाव गाळतात. असं तोंडी सोडल्याने बहिणीचा हक्क सुटत नाही, जमिनीवरचा हक्क सोडायला नोंदणीकृत कागद लागतो, हे तिला कुणी सांगत नाही. सांगणारा भाऊच समोर कागद घेऊन बसलेला असतो. आणि हाच भाऊ १४ एप्रिलला मंचावर समतेवर भाषण करतो.

कुणी म्हणेल, “बहिणीला दिलं तर जमीन दाजीच्या गावाला जाईल. आधीच अडीच गुंठे, त्यात आणखी वाटे?” मी विचारतो, अडीच गुंठ्याचे सव्वा गुंठे झाले तर कसण्यात काय मोठा फरक पडतो? अडीच गुंठ्यावरही कुणाचं पोट भरत नाही. मग भांडण पोटाचं नाही, मालक कोण याचं आहे. शिवाय हिस्सा देणं म्हणजे तुकडा तोडून देणं नव्हे. जमीन एकत्र ठेवा, सगळ्यांची नावं लावा, उत्पन्न वाटा, विकायची वेळ आली तर तिलाही विचारा. दाजीला भ्यायचं कारण नाही. सही तिची लागते, त्याची नाही.

पाटलाने आपल्याला जे सांगितलं तेच आपण बहिणीला सांगतो. राब, पण मालक होऊ नको. नांद, पण हिस्सा मागू नको. दिलं तर उपकार समज.

वस्तीतल्या विहाराकडेही याच नजरेने बघा. वर्गणी सगळ्यांची, भिंत सगळ्यांच्या घामाची. संस्था नोंदली की चार विश्वस्तांच्या नावावर जागा. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ३६ सांगतं, धर्मादाय आयुक्ताच्या आधीच्या मंजुरीशिवाय विश्वस्ताला न्यासाची जागा विकता येत नाही. हे बंधन मला पटतं, कारण ते राखणदारावर आहे, ज्यांचा लाभ त्यांच्यावर नाही. पण त्याचीही चावी शेवटी कचेरीत. म्हणून हिशेब वस्तीसमोर वाचला गेला पाहिजे. विश्वस्त आपला माणूस आहे एवढ्यावर भागत नाही. वतनातला थोरला भाऊही आपलाच होता.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागे भूमिहीन माणसं तुरुंगात गेली. ती जमीन मागत होती, कारण ज्याच्या पायाखाली स्वतःचं ढेकूळ नाही त्याला मान वर करून बोलता येत नाही. त्यांच्यात बायाही होत्या, पोरं काखेत घेऊन. तेव्हा तुरुंगात जाणारी आई हिस्सेदार नव्हती, असं आज म्हणायची कुणाची छाती आहे?

मराठीत एक गंमत आहे. भाऊ आणि बंधू या शब्दांतून दोन शब्द निघाले. एक भाऊबंदकी. म्हणजे एका बांधासाठी सख्ख्याचं डोकं फोडणं. दुसरा बंधुता. तो बाबासाहेबांनी घटनेच्या उद्देशिकेत बसवला. रक्त एक असलं की बंधुता येते असं असतं तर भाऊबंदकी हा शब्दच जन्मला नसता. रक्ताने फक्त हिस्सा येतो. हिस्सेदाराला आपल्याएवढा मालक मानणं हे रक्ताने येत नाही, ते ठरवून करावं लागतं. सामाईक सातबारा ही त्याची परीक्षा आहे. तिथे समोर सवर्ण नाही, सरकार नाही. समोर आपलीच बहीण, आपलाच धाकटा भाऊ, विधवा भावजय.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं एवढंच. या महिन्यात गावी जाल तेव्हा सातबारा काढा, आठ-अ काढा, जुने फेरफार काढा. आजाच्या खाली कुणाकुणाची नावं यायला पाहिजे होती ती कागदावर मांडा. गळालेलं प्रत्येक नाव लाल शाईने लिहा. बहुतेक नावं बायांची निघतील. मग ती नावं लावायचा अर्ज आपल्या हाताने भरा आणि चावडीत जाऊन पोच घ्या. वर्ग २ च्या शर्तीविरुद्ध मोर्चा त्यानंतर काढू, आणि त्या मोर्च्यात लाल शाईतली माणसं पुढे चालतील.